सहावा ठोका

ही गोष्ट खरी आहे.

आधीच सांगून टाकते, कारण अर्ध्यावर आल्यावर तुम्हाला वाटेल की ही बाई फेकते आहे. फेकायचीच असती तर मी छान अमावास्येची रात्र निवडली असती. यात रात्र नाही. जे घडलं ते सगळं दिवसाढवळ्या घडलं, लख्ख उजेडात, आजूबाजूला माणसं असताना.

बुधवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

जागा म्हणजे पत्र्याच्या शेडमधलं एक वर्कशॉप. डावीकडे रंगाचा कारखाना, उजवीकडे पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, आणि समोर अशी गल्ली की आत आलेल्या ट्रकला रिव्हर्स घेतच बाहेर जावं लागतं. तिथे गॅसच्या मोठ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह दुरुस्त होतात. स्वयंपाकघरातले नाहीत. वेल्डिंगच्या दुकानात भिंतीला साखळीने बांधलेले उंच सिलिंडर असतात ना, त्यांचे.

आणि माणूस म्हणजे माझा सख्खा मामा.

मामा त्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं होता. हात इतका चपळ की सगळे त्याला ‘पटपट’च म्हणायचे. व्हॉल्व्ह उघडला, जुना वॉशर काढला, नवा बसवला, स्पिंडल म्हणजे उघडबंद करायचा दांडा फिरवून पाहिला, झालं. दुसरा माणूस चष्मा पुसेपर्यंत याचे दोन व्हॉल्व्ह तयार.

त्याला हे काम शिकवलं बुडबुडेकाकांनी.

काकांचं खरं नाव वर्कशॉपमध्ये कुणी घेत नसे. ते टेस्टर होते. दुरुस्त झालेल्या व्हॉल्व्हला हवेच्या दाबाची नळी जोडायची, तो लोखंडी हौदात पाण्याखाली धरायचा आणि साठ आकडे मोजायचे. एक जरी बुडबुडा वर आला तर व्हॉल्व्ह नापास. काकांनी एकतीस वर्षं हेच केलं, म्हणून बुडबुडेकाका.

मोजायची त्यांची एक पद्धत होती. तोंडाने मोजत नसत. दर दहा आकड्यांना हातातल्या पान्याने हौदाच्या काठावर एक ठोका द्यायचे.

टक्.

मग पुन्हा दहा. टक्.

सहावा ठोका पडला की व्हॉल्व्ह पास. पाचाला कधी थांबले नाहीत आणि सहावा कधी लवकर दिला नाही. मालक दारात उभं राहून घड्याळ दाखवायचे. काका त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. अख्ख्या शेडला त्या ठोक्यांची इतकी सवय झाली होती, की काका रजेवर असले की पलीकडचे खोकेवाले विचारायला यायचे, “आज बरं नाही का त्यांना?”

पास झालेल्या व्हॉल्व्हवर पंच मारायचा. पंच म्हणजे बोटाएवढी पोलादी कांडी, टोकाला खूण कोरलेली. हातोडीने ठोकली की व्हॉल्व्हच्या अंगावर उमटते, कायमची. प्रत्येकाची खूण वेगळी. मामाची त्रिकोण. काकांची वर्तुळ आणि मधोमध टिंब. प्रत्येकाचा पंच आपापल्या खिळ्याला टांगलेला, आणि दुसऱ्याच्या पंचाला कुणी हात लावायचा नाही. मामा गमतीने म्हणायचा, “एक वेळ दुसऱ्याच्या ब्रशने दात घासीन, पण पंच नाही.”

नापास झालेला व्हॉल्व्ह मात्र फेकून द्यायचे नाहीत. तो कुणी उचलून पुन्हा बसवेल, ही भीती. म्हणून करवतीने त्याच्यावर आडवा काप द्यायचे. एकदा काप पडला की तो व्हॉल्व्ह जगात कुणाच्याच उपयोगाचा नाही.

हा काप लक्षात ठेवा.

आता शेवटची गोष्ट, मग पुढे जाऊ. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल चालत नाही. थेंबसुद्धा नाही. दाबातला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की काडी लावावी लागत नाही, आपोआप भडका उडतो. काका या बाबतीत वेडे होते. एकतीस वर्षं त्यांनी डोक्याला तेल लावलं नाही. ऑक्सिजनच्या टेबलाशी जो येईल त्याला एकच प्रश्न असायचा.

“हात धुतलेस का?”

म्हणूनच ऑक्सिजनचे व्हॉल्व्ह फक्त काकांनीच पास करायचे, असा नियम होता. त्यांच्यावर वर्तुळच पाहिजे. त्रिकोण चालत नसे.

त्या दिवशी काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते.

दुपारी गेटवर ट्रक येऊन उभा. ऑक्सिजनचे चाळीस व्हॉल्व्ह न्यायचे होते. बहुतेक काकांनी सकाळीच करून ठेवलेले, थोडं काहीतरी राहिलेलं. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. मालक आतून ओरडले, “अरे पटपट, नाव काय उगीच ठेवलंय तुझं?”

पुढचं मामा सांगतो तसंच सांगते.

एका व्हॉल्व्हचा स्पिंडल जाम होता. फिरेना. खोलून साफ करायचा म्हणजे अर्धा तास. दाराच्या बिजागरीला घालायच्या तेलाची बुधली खिडकीत होती...

मामाने एक थेंब सोडला.

स्पिंडल लोण्यासारखा फिरला. हौदात बुडवायला वेळ नव्हता. मामाने काकांच्या खिळ्यावरचा पंच काढला, हातोडीचा एक घाव घातला, आणि पंच परत जागेवर लावला. ट्रक गेला. चहा आला. मामा विसरूनही गेला.

तिसऱ्या आठवड्यात एका वेल्डिंगच्या दुकानातून फोन आला. ऑक्सिजनच्या नुकत्याच आलेल्या एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह जरासा गळतोय, कुणाला तरी पाठवा.

“माझी खूण आहे त्याच्यावर?” काकांनी फोनवर विचारलं. “मग मीच येतो.”

पुढचं त्या दुकानदाराने सांगितलं, सगळ्यांना, रडत रडत. काका आले. अनोळखी व्हॉल्व्ह उघडताना बाजूला उभं राहायचं, कधीच समोर नाही, हे ते जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आलेले. त्यांनी आधी वाकून खूण पाहिली. वर्तुळ. मधोमध टिंब. मग हसले आणि म्हणाले, “हा आपलाच आहे.”

आणि समोर उभे राहिले.

तोही बुधवार होता. दोन वाजून दहा मिनिटं.

जास्त लिहीत नाही. घरच्यांना चेहरा दाखवला नाही, एवढं सांगते.

चौकशी झाली. जळलेल्या व्हॉल्व्हच्या आत तेलाचे अंश सापडले आणि वर काकांचाच पंच. मालकांना आणि सगळ्यांनाच सोपं उत्तर हवं होतं. म्हातारपण आलं, डोळे गेले, हलगर्जीपणा झाला. तरी चौकशीवाल्या साहेबांनी मामाला वेगळं बोलावून विचारलं, कारण मामा काकांचा शिष्य.

“त्यांना कमी दिसायचं का हल्ली?”

तेव्हाच खरं बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“हो साहेब,” मामा म्हणाला. “हल्ली जरा कमीच दिसायचं.”

खापर मेलेल्या माणसावर फुटलं. अहवालात लिहिलं गेलं की स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.

काकू, म्हणजे काकांची बायको, अहवाल ऐकायला वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. फक्त मालकांना म्हणाल्या, “ज्या माणसाने एकतीस वर्षं डोक्याला तेल लावलं नाही, तो व्हॉल्व्हला लावेल?” मग पर्समधून डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर लिहिलं होतं की नजर उत्तम आहे, फक्त वाचायचा नंबर बदला.

कुणी तो कागद उचलला नाही.

“त्यांचा पंच तरी द्या,” काकू म्हणाल्या. “आठवण म्हणून.”

मामा आणायला गेला. खिळा होता...

पंच नव्हता.

शेड पालथी घातली, पण तो सापडला नाही. काकू रिकाम्या हाताने गेल्या. त्यानंतर दर महिन्याला त्या यायच्या, गेटजवळच्या बाकावर बसायच्या आणि मालकांना एकच विचारायच्या, “ते हलगर्जी नव्हते असं लिहून द्याल का?” त्या आल्या की मामा मागच्या दाराने डबा खायला जायचा.

काकांची जागा मामाला मिळाली.

पहिल्या दिवशी मामा ऑक्सिजनच्या टेबलाशी गेला. सकाळचे साडेआठ, शेडचं कुलूप त्यानेच उघडलेलं. टेबलाजवळ बेसिन होतं आणि त्यावर साबणाची वडी...

वडी ओली होती.

नुसती ओली नाही. तिच्यावर फेस होता. कुणीतरी नुकतेच हात धुऊन गेलं असावं तसा, ताजा.

मामाने दुर्लक्ष केलं. हात धुतले, व्हॉल्व्ह नळीला जोडला, पाण्यात धरला आणि मनात मोजायला लागला. सात, आठ, नऊ, दहा...

टक्.

मामाने मान वर केली. पाना भिंतीवर टांगलेला होता. हौदाजवळ दुसरं कुणी नव्हतं. शेडच्या पलीकडच्या टोकाला मावशी वॉशर निवडत बसल्या होत्या. या मावशी वर्कशॉपच्या जुन्या, तोंडाच्या फटकळ. त्यासुद्धा हात थांबवून हौदाकडे बघत होत्या.

वीस. टक्.

तीस. टक्.

मामाचा हात पाण्यातून निघेना. चाळीस. पन्नास. पाच ठोके पडले. मग एकावन्न, बावन्न... साठ.

सहावा ठोका पडला नाही.

त्याऐवजी व्हॉल्व्हच्या मानेजवळून एक बुडबुडा निघाला. छोटासा. सावकाश वर आला आणि फुटला.

नापास.

मामाने तो खोलून पाहिला. आत काही दोष नव्हता. पुन्हा बुडवला. पाच ठोके आणि एक बुडबुडा. दुसरा व्हॉल्व्ह घेतला, तिसरा घेतला. त्या दिवशी सतरा व्हॉल्व्ह धरले आणि सतराही नापास.

“द्या इकडे,” म्हणून शेवटी मावशींनी एक हिसकावून घेतला, हौदात धरला आणि बोटांवर साठ मोजले. पाणी ढिम्म राहिलं. एक बुडबुडा नाही की ठोका नाही.

“व्हॉल्व्ह चांगला आहे रे,” मावशी हळूच म्हणाल्या. “तुझ्याच हातात गळतोय.”

मामाने नळी जुनी झाली, हौदाचा काठ तापून वाजतो, अशी काहीबाही कारणं सांगितली. मावशींनी ऐकून घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलं स्टूल हौदापासून आणखी लांब नेलं.

मग हे प्रकरण घरी आलं.

मामी तक्रार करायला लागली की उशीचा अभ्रा तेलकट होतो. रोज धुवायची आणि रोज तसाच. मामा डोक्याला तेल लावत नव्हता. काकांनीच त्याची ती सवय मोडली होती. मग दाराच्या कड्या, मोबाइलची काच, वर्तमानपत्राच्या कडा, जिथे मामाचा हात लागे तिथे बोटांचे तेलकट ठसे उमटायला लागले. मामा साबण लावून हात घासायचा. सालटं निघेपर्यंत घासायचा.

एकदा मी तिथे असताना मामीने चहा दिला. मामाने कप उचलून फक्त तोंडाजवळ नेला...

चहावर तेलाचा तवंग पसरला. इंद्रधनुष्यी.

माझ्या कपात काही नव्हतं. किटली एकच होती.

त्याच दिवशी मी तो आवाजही ऐकला. सूं... असा बारीक, सलग. मामीने आधी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावलं. काही नाही. आम्ही दोघी कान देऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघरात कमी, बाहेरच्या खोलीत जास्त.

आवाज मामाच्या खुर्चीजवळ येत होता.

मी वाकले. मामा डोळे मिटून बसला होता, श्वास नेहमीसारखा चालू होता. त्याच्या छातीला कान लावला. आतून कुठूनतरी हवा निसटत होती. श्वास आत घेतानाही आणि बाहेर सोडतानाही, न थांबता.

“मामा,” मी विचारलं, “काय झालंय तुला?”

“काही नाही गं. जरा दमलोय.”

अशी माणसं असतात. घर डोक्यावर कोसळलं तरी जरा धूळ उडाली म्हणतील. माझा मामा त्यातला, आणि मला तो फार आवडतो, म्हणून जास्त राग येतो.

काकांना जाऊन बरोबर बावन्न आठवडे झाले, तोही बुधवारच. काकू सकाळीच येऊन गेटजवळच्या बाकावर बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मालकांना काहीच विचारलं नाही. नुसत्या बसून राहिल्या, हौदाकडे तोंड करून.

जेवणाची सुट्टी संपली. मामा मागच्या दाराने आत आला. हौदाशी गेला...

पाण्यावर तवंग होता.

हौद शनिवारी रिकामा करून घासला होता, मामानेच. तवंगाखाली पाणी मात्र अगदी नितळ, आणि तळाशी काहीतरी चमकत होतं. बोटाएवढं.

काकांचा पंच.

वर्षभरात तो हौद पन्नासदा तरी उपसला होता. मामाला वाटलं, उचलावा आणि काकूंना देऊन टाकावा, निदान एवढं तरी करावं. हे तो शपथेवर सांगतो आणि माझा त्यावर विश्वास आहे. त्याने बाही वर केली आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

बोटं पंचाला लागली आणि हात अडकला.

कुणी धरला असं तो म्हणत नाही. बोटं नव्हती, पंजा नव्हता. व्हाइसच्या पोलादी जबड्यात लोखंड आवळावं तसा चारी बाजूंनी हात आवळला गेला. मामाने ओढला, पाय हौदाला लावून ओढला. हलेना.

टक्.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मावशींनी पाहिलंय.

टक्.

हौदात बुडबुडे यायला लागले. आधी एक, मग दोन, मग ओळच लागली. मामाने खाली पाहिलं. ते त्याच्या हातातून येत होते. नखांच्या कडांमधून, बोटांच्या पेरांमधून.

टक्. टक्.

दुखत होतं का, असं मी नंतर विचारलं. मामा म्हणाला, दुखलं असतं तर बरं झालं असतं. आतून रिकामं होत गेल्यासारखं वाटत होतं. कानात सूं आवाज आणि त्या आवाजात कुणीतरी अगदी जवळून, रोजच्यासारखं विचारलं...

“हात धुतलेस का?”

टक्.

पाचवा.

“मी घातलं तेल!” मामा ओरडला. “मी घातलं! पंच मी मारला! काका, मी...”

शेडमध्ये सगळं थांबलं. मालक केबिनच्या दारात आले. बाकावरच्या काकू उठून उभ्या राहिल्या. अख्ख्या वर्कशॉपने ते ऐकलं, पलीकडच्या खोकेवाल्यांनीसुद्धा.

हात सुटला. मामा मागे फरशीवर पडला.

सहावा ठोका पडला नाही.

मावशी धावल्या. त्यांनी मामाचा हात उलटासुलटा करून पाहिला. हाताच्या मागच्या बाजूला, मधोमध, एक वर्तुळ उमटलं होतं. वर्तुळात टिंब. आणि तळव्यावर, चारी बोटांच्या मुळाशी, एक सरळ रेघ. रक्ताचा थेंब नाही. करवतीने द्यावा तसा...

आडवा काप.

पंच मात्र हौदात नव्हता. पाणी उपसून पाहिलं, तरी नव्हता.

त्या हाताची बोटं आजपर्यंत मिटलेली नाहीत. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. नस शाबूत, हाड शाबूत. “हात जाम का झालाय ते कळत नाही,” असं शेवटी एका डॉक्टरांनी सरळच सांगितलं.

मामाने डाव्या हाताने कबुलीजबाब लिहिला. वाकडंतिकडं, पण लिहिलं. एका व्हॉल्व्हला तेल मी घातलं, त्यांचा पंच मी वापरला, त्यांची नजर चांगली होती, मी खोटं बोललो. चौकशी पुन्हा उघडली, काकांच्या नावावरचा डाग पुसला गेला आणि मामाची नोकरी गेली. शिक्षेचं जे व्हायचं ते झालं, त्यात तो कुठे कुरकुरला नाही. आम्हाला वाटलं, सुटला एकदाचा.

कागद घेऊन मामा काकूंकडे गेला तेव्हा मी आणि मामी सोबत होतो. काकूंनी दारातच उभं राहून पूर्ण वाचला. दोनदा वाचला.

“बस म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातचं जेवलायस तू.”

मामा मान खाली घालून उभा होता. “मला माफ...”

“माझं सोड,” काकूंनी कागदाची घडी घातली. “मला हवं ते मिळालं. त्यांचं मी काय सांगू? त्यांनी कधी कुणाला घाईत पास केलं नाही.”

दार बंद झालं.

त्यानंतरच्या बुधवारी मी मामाकडेच होते. जेवणं झाली होती. मामाच्या खुर्चीशेजारी स्टुलावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला होता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होते. मामी स्वयंपाकघरात भांडी आवरत होती...

टक्.

पेल्याच्या काठावर. हे मी स्वतः ऐकलं, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

मामा दचकलाही नाही. डोळे मिटून, श्वास रोखून मोजत राहिला. त्याचे ओठ हलताना दिसत होते. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मग तो पुढे वाकला, आशेने. लहान मूल निकालाची वाट बघतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

साठ झाले. सत्तर झाले.

पेल्यात तळापासून एक बुडबुडा निघाला आणि वर येऊन फुटला.

“रोज होतं हे,” मामा म्हणाला. “रोज पाचच.”

मला त्याची दया आली आणि त्याच क्षणी एक विचारही आला. नको तो विचार. कबुलीजबाब मी वाचला होता. त्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात घुमायला लागला. काकूंनी कागद दोनदा वाचला होता. त्यांनाही तोच खटकला असेल का?

“मामा,” मी विचारलं, “व्हॉल्व्ह एकच होता ना?”

मामाने पेल्याकडे पाहिलं.

सूं...

आवाज सुरू झाला. त्याच्या छातीतून. मामी दारात येऊन उभी राहिली, हातातलं भांडं तसंच.

“मामा, एकच ना?”

“ट्रक उभा होता गं,” तो म्हणाला. “हॉर्न वाजवत होता. मालक ओरडत होते.”

“किती?”

त्याने मांडीवरचा जाम झालेला उजवा हात पाहिला. मग डावा हात वर केला. अंगठा आणि करंगळी मिटली. उरलेली बोटं तशीच वर ठेवली.

तीन.

त्यातला एक काकांनी उघडला. उरलेले दोन गेले वर्षभर कुठे तरी फिरत होते, वर काकांच्या खुणेची हमी घेऊन, आणि माझ्या मामाला ते ठाऊक होतं. कबुली देतानासुद्धा ठाऊक होतं. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी चार महिने बोलले नाही.

मी त्याच संध्याकाळी मालकांना फोन केला. सगळीकडे पत्रं गेली, फोन गेले. अकराव्या दिवशी एक सापडला, एका गॅरेजच्या मागच्या खोलीत, आडोशाला ठेवलेला सिलिंडर. रिकामा केला, व्हॉल्व्ह काढला, मावशींनी स्वतः खोलला. आत स्पिंडलवर तेल चकाकत होतं. करवतीने काप दिला तेव्हा त्या मोठमोठ्याने रडल्या म्हणे.

त्या दुपारी मामीचा मला फोन आला. पाचव्या ठोक्यानंतर नेहमीपेक्षा बराच वेळ काहीच झालं नाही, असं ती म्हणाली. बुडबुडासुद्धा नाही. मामा खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

मग बुडबुडा आला.

तिसरा व्हॉल्व्ह अजून सापडलेला नाही. हे लिहितेय तेव्हा त्याला दोन वर्षं होऊन गेली. सिलिंडर एका गावात राहत नाही. इथे रिकामा होतो, तिथे भरतो, तिसरीकडे जातो. पत्रं पाठवून आम्ही थकलो. मामाच्या पेल्यात रोज दुपारी पाच ठोके पडतात. आता मीही पुन्हा जाते त्याच्याकडे. त्याचा डावा हात धरून मोजते.

काल एका वेल्डिंगच्या दुकानासमोरून चालले होते. दाराशी साखळीने बांधलेला उंच सिलिंडर होता. उन्हात व्हॉल्व्ह चकाकत होता. त्याच्यावर खूण कसली आहे ते मला लांबून दिसेना. पाय पुढे टाकवेना आणि मागेही घेता येईना.

आतला माणूस काम थांबवून बाहेर आला. “काय हवंय ताई?”

“त्याच्यावर वर्तुळ आहे का बघता?” मी म्हणाले. “मधोमध टिंब असलेलं?”

तो हसला. वाकला. चष्मा वर करून त्याने व्हॉल्व्हकडे पाहिलं, आणि सवयीने एक हात तो उघडायच्या चाकावर ठेवला.

“समोर उभे राहू नका,” मी ओरडले. “आधी बाजूला व्हा.”

मला माझाच आवाज ऐकू आला नाही. कारण त्याच वेळी माझ्या अगदी जवळ, साखळीच्या कडीवर कुणीतरी लोखंडाने...

टक्.

मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.